डोक्यातील कोंडा आणि तेलाची वाटी

धान्याच्या व्यापारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना कोंडा कशास म्हणतात हे सांगावयास नको. गहू दळून चाळला की चाळणीत उरतो तो कोंडा. मशीद बंदरच्या दाणाबंदरात काय किंवा पुढे वाशीच्या धान्यबाजारात काय, त्यालाही गिऱ्हाईक असते आणि भावही असतो. डोक्यातून खांद्यावर उतरणाऱ्या पांढुरक्या पापुद्र्यांना मराठीने हेच नाव दिले. मौज अशी की, पाश्चात्त्य वैद्यकानेही नाव शोधताना चाळणीकडेच पाहिले. ग्रीक भाषेत कोंड्याला 'पिटिरॉन' म्हणतात. त्यावरून या विकाराला 'पिटिरायसिस' हे नाव पडले. लॅटिनमध्ये कोंडा म्हणजे 'फुरफुर', आणि त्वचेवर राहणाऱ्या यीस्ट जातीच्या एका सूक्ष्म बुरशीचे शास्त्रीय नाव आहे 'मालासेझिया फुरफुर'. आपल्या प्राचीन ग्रंथांतही हा विकार आहे. सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून त्यास 'दारुणक' म्हटले आहे: केसांची भूमी कठीण होते, खाजते, रूक्ष होते आणि फुटते.

'क्षुद्ररोग' म्हणजे लहान रोग. परंतु तो ज्याला होतो त्याला तो लहान वाटत नाही. या महिन्यात हा विषय घेण्याचे कारण गोरेगाव पश्चिमेच्या जवाहरनगरातून आलेले एका भगिनींचे पत्र आहे. त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा. वडिलांसोबत कापडाच्या पेढीवर बसतो. दोन वर्षांपासून डोक्यात कोंडा, खाज, कानामागे ओलसर लाली आणि भुवयांत पिवळसर खपल्या. गिऱ्हाइकासमोर थान उलगडताना गडद कापडावर पापुद्रे पडतात, म्हणून तो हल्ली मागे गोदामातच थांबतो. घरात स्थळे येऊ लागली आहेत. गेल्या महिन्यात मुलगी पाहण्यास जाण्याच्या दिवशी त्याने ऐन वेळी नकार दिला; कारण विचारले तर म्हणाला, "आधी हे बरे होऊ दे." माउली लिहितात: "दर शनिवारी रात्री मी स्वतः त्याच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवते, रविवारी न्हाऊ घालते, तरी कोंडा वाढतोच आहे. माझे काय चुकते?" पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. घरातील कोणास लागू नये म्हणून त्याची फणी, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवली आहे.

प्रथम या शेवटच्या ओळीचे उत्तर देतो. फणी वेगळी असणे ही स्वच्छतेची सवय म्हणून उत्तमच. पण कोंड्याच्या भयाने ती वेगळी करण्याचे कारण नाही. हा विकार एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. उवा जातात, लहान मुलांच्या डोक्यातील नायटा जातो; कोंडा जात नाही. त्या मुलाची उशी आजच पूर्ववत सर्वांच्या उशांत ठेवावी. चोवीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घरात आपण अस्पृश्य आहोत असे वाटणे, हा दुखण्यापेक्षा मोठा घाव आहे.

आता दुखण्याकडे वळू. नुसते कोरडे, बारीक पापुद्रे पडत असतील तर त्यास साधा कोंडा म्हणावे. प्रौढ माणसांपैकी साधारण निम्म्यांना तो केव्हा ना केव्हा होतो. पण त्याबरोबर लाली असेल, खपल्या तेलकट व पिवळसर असतील, खाज अनावर असेल आणि हेच चिन्ह भुवया, नाकाच्या दोन्ही बाजू, कानामागची घडी, दाढी किंवा छातीचा मध्यभाग येथेही दिसत असेल, तर त्यास डॉक्टर 'सेबोरिक डर्मटायटिस' म्हणतात. या सर्व जागांत एक साम्य आहे: तेथे तैलग्रंथी दाट असतात. म्हणूनच हा विकार तीन वयांत विशेष दिसतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने, तारुण्याचा काळ आणि पन्नाशीनंतर. स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक.

१८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांत यीस्टचे गोल कण असल्याची नोंद केली. त्यांच्याच नावावरून १८८९ मध्ये या बुरशीला 'मालासेझिया' हे नाव मिळाले. त्यानंतर मात्र पंडितांत शंभर वर्षे वाद चालला. हा कण तर निरोगी माणसाच्या डोक्यावरही सापडतो, मग तो गुन्हेगार कसा? पुढे केटोकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे आली. ती लावली की बुरशी घटते आणि कोंडाही घटतो, थांबवली की दोन्ही परततात, असे दिसून आल्यावर १९८० च्या दशकात मालासे यांची बाजू पुन्हा वर आली.

२००७ मध्ये 'मालासेझिया ग्लोबोसा' या जातीच्या संपूर्ण जनुकांचे वाचन झाले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. या बुरशीला स्वतःसाठी लागणारी मेदाम्ले स्वतः बनवताच येत नाहीत. तिच्या दुकानात माल तयार होत नाही. सगळा माल बाहेरून, म्हणजे आपल्या डोक्यावरील तेलातून, आणावा लागतो. ती आपल्या त्वचेचे तेल फोडते, त्यातील तिला हवी ती मेदाम्ले घेते आणि नको ती तेथेच टाकते. टाकलेल्यांत 'ओलेइक अॅसिड' मुख्य. ज्यांची त्वचा त्यास संवेदनशील असते त्यांना त्याने दाह होतो, खाज सुटते, आणि एरवी सुमारे अठ्ठावीस दिवसांत शांतपणे गळून जाणारी त्वचेची वरची पेशी घाईघाईने, गठ्ठ्यांनी सुटू लागते. तोच कोंडा. शेजारच्या माणसाच्या डोक्यावर तीच बुरशी असून त्याला काही होत नाही, कारण त्याची त्वचा ते सहन करते. म्हणजे या विकाराचे कारण अस्वच्छता नव्हे. त्या भगिनींनी मुलाला नीट न्हाऊ घातले नाही असेही नव्हे.

पण तेलाच्या वाटीबद्दल बोलावे लागेल. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवावयाची असेल तर तिच्या खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. त्याखेरीज ती नीट वाढत नाही. एवढ्यावरून समजावे. रात्रभर डोक्यात तेल जिरवून ठेवणे म्हणजे तिला शनिवारची मेजवानी. तेल लावल्यावर पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटतात, म्हणून एक दिवस कोंडा दिसेनासा होतो आणि तेलाचा गुण आला असे वाटते. मंगळवारी तो पुन्हा दिसतो, तेव्हा तेल कमी पडले असे समजून वाटी मोठी केली जाते. मायेने केलेला उपचार असल्यामुळे तो सोडणे फार कठीण जाते, हे मी जाणतो. एक मार्ग आहे. खपल्या जाड झाल्या असतील तर न्हाण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास थोडे तेल लावावे, खपल्या मऊ होऊ द्याव्यात आणि मग ते पूर्णपणे धुऊन काढावे. आईच्या हाताची मालीश त्यात राहते, रात्रभराचे तेल जाते.

येथे एक विषयांतर. 'शाम्पू' हा शब्द आपल्याच मातीतून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे १८१४ च्या सुमारास स्नानगृह काढले आणि वाफेच्या स्नानासह चंपी करणे सुरू केले. पुढे राजे चौथे जॉर्ज यांनी त्यांची 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून नेमणूक केली. तेव्हा शाम्पू म्हणजे चांपणे, चेपणे. त्या शब्दाचा अर्थ फेस आणि बाटली असा झाला तो कितीतरी नंतर.

आता त्या बाटलीचा उपयोग. औषधी शाम्पू बहुतेक लोक चुकीचा वापरतात: डोक्यास लावला, फेस झाला, लगेच धुतला. औषधाला काम करण्यास वेळच मिळत नाही. केटोकोनाझोल दोन टक्के शाम्पूची रीत अशी. केसांत तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने ते काढून टाकावे. मग औषधी शाम्पू बोटांच्या अग्रांनी, नखांनी नव्हे, केसांच्या मुळांशी त्वचेला लावावा. तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवावा. घड्याळ पाहूनच, अंदाजाने नव्हे. भुवया आणि कानामागची जागा यांनाही तोच फेस लावता येतो, डोळे मिटून. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. आठवड्यातून दोन वेळा, मध्ये किमान तीन दिवसांचे अंतर ठेवून, दोन ते चार आठवडे. बरे वाटू लागले की औषध एकदम बंद करू नये. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा ते चालू ठेवावे. हा विकार आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही. रक्तदाबाची गोळी रोज घेणारे आपल्या घरोघरी आहेत. येथे तर पंधरा दिवसांतून पाच मिनिटांचे काम आहे.

केटोकोनाझोल मानवले नाही तर सिक्लोपिरॉक्स, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन यांचे शाम्पू आहेत. जाड खपल्यांसाठी सॅलिसिलिक अॅसिड किंवा कोल टार असलेले. कोणता कोणास, हे त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवावे. केटोकोनाझोल तोंडाने घेण्याच्या गोळ्यांविषयी मात्र सावध असावे. यकृतावर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये त्या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली. शाम्पूतील औषध शरीरात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे ते भय शाम्पूस लागू नाही. विकार फारच पसरला तर डॉक्टर दुसरी बुरशीविरोधी औषधे पोटातून देतात. त्यांतील कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. आपल्या वाचकांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळीच्या रूपातील पर्याय बहुतेक वेळा मिळतो. शाम्पूंतही केराटिन, रेशमाचे प्रथिन, लोकरीपासून काढलेले लॅनोलिन असू शकते. बऱ्याच वेष्टनांवर हिरवा ठिपका असतो. नसल्यास घटकांची यादी वाचावी.

आपल्या समाजात औषधविक्रीच्या व्यवसायात अनेक कुटुंबे आहेत, म्हणून पुढील परिच्छेद त्यांच्यासाठी आहे. खाज, लाली, खपली म्हटले की गल्ल्यावरून एक मिश्र मलमाची नळी दिली जाते: तीत एक तीव्र स्टिरॉइड, एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक. दोन दिवसांत खाज थांबते, गिऱ्हाईक समाधानी होते आणि पुढील सहा महिने तीच नळी स्वतःहून नेत राहते. चेहऱ्यावर अशी स्टिरॉइड महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि मलम थांबवताच दाह दुप्पट होऊन परततो. सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम कडक केला तो याच कारणाने. स्टिरॉइड वाईट औषध नव्हे. डोक्यातील तीव्र दाहासाठी डॉक्टर स्वतः स्टिरॉइडचे लोशन देतात, पण मोजक्या दिवसांसाठी. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक एखादे तुटेल. जे टिकेल ते पिढ्यान्पिढ्या टिकेल.

घरगुती उपायांपैकी काहींबाबत थोडक्यात. दह्यातील आम्लाने खपली थोडी सुटते, पण बुरशीवर त्याचा भरवसा नाही आणि त्यातील स्निग्धांश मागे राहतो. लिंबाचा रस सोललेल्या त्वचेस झोंबतो. तो लावून उन्हात गेल्यास कपाळावर काळे डाग उमटतात. कांद्याचा रस आपल्या घरांत खाण्यासाठी वर्ज्य असूनही केसांसाठी म्हणून बाटलीतून येऊ लागला आहे. दाह झालेल्या त्वचेवर तो आगीत तेल ओततो. सोसायटीत मे महिन्यात टँकरचे जड पाणी आले की कोंडा वाढला असे अनेकजण म्हणतात. जड पाण्याने शाम्पू नीट धुतला जात नाही एवढे खरे, त्याने हा रोग उत्पन्न होत नाही. शाकाहाराने कोंडा होतो ही समजूतही तशीच निराधार; मांसाहारी देशांतही तो इतकाच आढळतो. रक्तात बी-१२ कमी असेल तर त्याची चिकित्सा जरूर करावी, पण ती वेगळी गोष्ट. जागरण, मानसिक ताण आणि थंडी यांनी मात्र हा विकार निश्चित उसळतो. दिवाळीचा हंगाम आणि मार्चअखेरचे हिशेब या दोन वेळी पेढीवरच्या मंडळींनी याची नोंद ठेवून पाहावी.

प्रत्येक खपली कोंड्याची नसते, हेही ध्यानात असावे. खपली जाड, चंदेरी, कडा स्पष्ट, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेली आणि कोपर-गुडघ्यांवरही तशीच असेल तर सोरायसिसची शंका घ्यावी. शाळकरी मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तेथील केस तुटत असतील तर तो नायटा. त्यास शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध द्यावे लागते. केसांना कलप लावल्यावर दोन-तीन दिवसांत कपाळाच्या कडेने पाणी सुटले, पापण्या सुजल्या, तर ती कलपातील 'पीपीडी' या रसायनाची अॅलर्जी आहे. खरी मेंदी केस तांबूस करते. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा हेच रसायन असते, नाव काही असो. एकदा अशी अॅलर्जी झाली की ती जन्मभर राहते. चार आठवडे रीतीने शाम्पू वापरूनही गुण नसेल, किंवा पन्नाशीनंतर हा विकार अचानक आणि तीव्र झाला असेल, तर उशीर करू नये. कधीकधी कंपवातासारख्या मज्जासंस्थेच्या विकारात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर तो असा उसळतो. गोरेगावकरांना विलेपार्ल्याचे महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. तेथे त्वचारोग विभाग आहे.

चातुर्मासाविषयी अनेक भगिनी विचारतात. पर्युषणाच्या आठ दिवसांत किंवा दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत पुष्कळ घरी शाम्पू-साबण वर्ज्य असतो, पौषधात तर स्नानच नसते. नियमात राहूनही उपाय आहे. पर्वाच्या आधीचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा या रीतीने औषध वापरावे, शेवटचे न्हाणे पर्वाच्या पूर्वसंध्येला ठेवावे. एवढ्याने आठ-दहा दिवस सहज निभतात. उपधानासारखे दीर्घ तप घेणाऱ्यांनी मात्र विकार पूर्ण आटोक्यात आणल्यावरच आरंभ करावा, आणि तत्पूर्वी डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांशीही मोकळेपणाने बोलावे. घाम व खाज यांनी तपात चित्त विचलित होण्यापेक्षा ते बरे. बुरशी मारण्यात जीवहिंसेचा दोष किती, हा प्रश्न एका वयस्कर श्रावकांनी विचारला होता. तो निर्णय माझ्या अधिकारातला नाही, तो गुरुमहाराजांना विचारावा. वैद्यकीय बाजू इतकीच की, या औषधाने बुरशी समूळ नष्ट होत नाही आणि तसा उद्देशही नाही. निरोगी डोक्यावर ती जेवढी असते तेवढी ती राहतेच.

राहता राहिले तान्हे बाळ. जन्मल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या टाळूवर पिवळट, मेणचट खपली धरते आणि घरातील सर्व स्त्रिया आपापला उपाय सांगू लागतात. ही याच विकाराची बालरूपी जात आहे; बाळाला तिचा त्रास नसतो, बहुधा खाजही नसते, आणि वर्षाच्या आत ती बहुतेक बाळांत आपोआप जाते. आजीबाईंचे तेल येथे चालेल: थोडेसे लावावे, खपली मऊ झाल्यावर मऊ कुंचीने अलगद सोडवावी आणि बाळाच्या सौम्य शाम्पूने तेल धुऊन टाकावे. नखाने खरवडू नये. खाज शमते म्हणून मोठ्यांच्या तेलात कापूर विरघळवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते तेल बाळाला कदापि लावू नये, बाटलीही त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कापराचा थोडासा अंश पोटात गेला तरी तान्ह्या मुलाला झटके येतात.